पाचव्या खाचेचा पिवळा दिवा

शिवम, गाडी आत घेतलीस ना? मग बस. श्रेया, तो मोबाईल पालथा ठेव, खालून उजेड पडला की तूच हडळ दिसायलीस. अन् एकदा सुरू झालं की पाणी प्यायला उठायचं नाय. ज्याला भ्या वाटतं त्यानं आत्ताच आईच्या कुशीत जाऊन झोपावं. कोणी नाय? बरं.

हे आपल्या बद्रीनाथाच्या बाबतीत घडलेलं हाय. कॅमेरेवाला बद्री, तोच. शहागंजातल्या एका दुकानात काम शिकला अन् पैठण रोडनं गावोगाव, कंपन्यांत, कॅमेरे लावत फिरू लागला. लाल टाकीची गाडी व्हती त्याची. टाकीला डाव्या अंगानं पोचा, म्हशीनं दिलेला. तोंडानं लई गोड माणूस. गिऱ्हाइकाला कधी 'नाय' म्हणायचा नाय, 'होऊन जाईल' म्हणायचा. बायकोनं मीठ मागितलं तरी 'होऊन जाईल'. त्याच्या लेकीला बाईंनी शाळेत विचारलं, तुझे वडील काय करतात? तर पोरगी म्हणली, होऊन जाईल करतात.

तर मागच्या साली, मार्गशीर्षात, त्याला एक साधं काम आलं. गावातले मल्हारराव वारले व्हते. त्यांच्या मेंढवाड्यावरचा कॅमेरा उतरवून आणायचा. बस, एवढंच.

मल्हारराव म्हणजे धनगर माणूस. हयात सगळी मेंढरांमागं गेली. पोरगा खंडेराव शहरात नोकरीला. घर गावाच्या कडेला, अन् घराच्या पाठीमागं, हाक मारली तर ऐकू यावी एवढ्या अंतरावर, मेंढवाडा. तिथं एक झोपडी. म्हातारा रोज रात्री तिथंच निजायचा. घुंगरं बांधलेली काठी उशाला, घोंगडं अंगावर. मेंढरं चोरीला जाऊ लागली तवा खंडेरावानं बद्रीकडून झोपडीवर कॅमेरा बसवून घेतला. म्हाताऱ्याला मोतीबिंदू. रात्री काही म्हणजे काही दिसायचं नाय. बद्री कधीमधी त्यांना चितेगावच्या बाजारातून गाडीवर मागं बसवून आणायचा. घरापुढं गाडी थांबली तरी म्हातारा हलायचा नाय. तसाच बसून राहायचा, मागच्या पायदानावर पाय टेकवून. बद्रीनं 'उतरा बाबा, घर आलं' म्हणलं की मगच पाय खाली टाकायचा. एकदा बद्री इसरून घरात चहा प्यायला गेला, तर म्हातारा अर्धा तास गाडीवरच. सारजाबाई, त्यांची बायको, हसून हसून बेजार झाली व्हती.

आता त्या कॅमेऱ्याची गंमत ऐका, पुढं ती लागणार हाय. मेंढवाड्यावर लाईट नव्हती. एकच निळी वायर घरातून तिकडं गेलेली, नेटाची. त्याच वायरीतून चित्र इकडं यायचं अन् त्याच वायरीतून करंट तिकडं जायचा. घरात ओसरीवर, कोनाड्यातल्या पेटीत, एक चपटा डबा. स्विच म्हणतात त्याला, पण आपलं भिंतीवरचं बटण नव्हं ते. त्याला आठ खाचा, एकेका खाचेत एकेक वायर. अन् डबा असा वस्ताद, की आगाव करंट सोडत नाय. आधी वायरीतून हळूच चाचपून बघतो, तिकडं कोणी हाय का? आपण नाय का रातच्याला कडी काढायच्या आधी इचारत, कोण हाय? तसंच. तिकडून जबाब आला तरच करंट सोडतो, अन् त्या खाचेपाशी बारीक पिवळा दिवा लागतो. कोणी नसलं तर दिवा नाय. पण त्याची ताकद बी बेताची. एकानं लई ओढलं की बाकीचे उपाशी.

मेंढवाड्याची वायर पाचव्या खाचेत व्हती.

तर बद्री कॅमेरा उतरवायला गेला, तवा झोपडीत सारजाबाई हुंदके देऊ राहिली. म्हातारा झोपेतच गेला, त्या झोपडीतच. जिथं जीव गेला तिथं जवारीचं पीठ पसरलेलं, वर बांबूचं डालगं, टोपलीवानी, पालथं घातलेलं, अन् उशाला दिवा. दहाव्याच्या पहाटे डालगं उचलायचं, पिठावर काय उमटलं ते बघायचं. त्यांच्यात रीतच हाय. पण झोपडी ती. वारं शिरायचं अन् दिवा घालवायचं. दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला.

"मावशी, रडू नका," बद्री म्हणला. "कॅमेऱ्याच्या वायरीवर बल्ब लावून देतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालंल. वारं आलं काय, लाईट गेली काय, फिकीर नाय."

भावकीतली एक म्हातारी, कडूबाई, नाक मुरडून म्हणली, "बिनतेलाचा दिवा कुठं असतो व्हय?"

"त्यांना उजेड दिसल्याशी मतलब," सारजाबाई म्हणली. "आधीच डोळ्यानं अधू माणूस." मग बद्रीकडं वळली. "पण दहाव्यापस्तोर विझायला नको बघ. दिवा विझला की माणूस उजेड हुडकत निघतं. जिथं दिसंल तिथं जातं. मग परत कुणी आणायचं?"

"होऊन जाईल, मावशी."

"होऊन जाईल नको. शब्द दे."

बद्रीनं देव्हाऱ्यातला भंडारा कपाळाला लावला अन् शब्द दिला. कॅमेरा उतरवला, त्याच वायरीला बल्ब लावला. मुगाच्या दाण्याएवढा उजेड, पण घरातून दिसायचा. सारजाबाई रोज रात्री आतल्या खोलीतून दाराच्या फटीतून तो बघत निजायची.

आता ती रात. चंपाषष्ठीची आदली रात. पंचमीची कोर मावळून गेली व्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावा. गावात घरोघर भंडारा, वांग्याच्या भरताची तयारी, निम्मं गाव शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला गेलेलं. फक्त सुतकाच्या घरात सामसूम. खंडेराव दहाव्याचं सामान आणायला शहरात गेलेला, पहाटे येणार व्हता.

बद्री जेवायला बसला अन् फोन वाजला. चितेगावच्या एका कंपनीतले अभय साहेब. बद्रीचं सालभराचं बांधलेलं काम तेवढं एकच. बाकी सगळं आज हाय तर उद्या नाय.

"बद्री, गेटचे चारी कॅमेरे बंद. डबा जळाला. सकाळी मुंबईवरून मोठे साहेब यायलेत. रातीतून चालू नाय झालं तर पुढच्या सालचं काम दुसऱ्याला, आधीच सांगतो."

"होऊन जाईल, साहेब."

फोन ठेवला अन् मग डोक्यात उजेड पडला. घरात दुसरा डबा नाय. शहागंजातली दुकानं केव्हाच बंद. हाताशी असलेला चालू डबा एकच. मल्हाररावांच्या कोनाड्यातला.

बद्रीनं स्वतःला समजावलं. रातचाच तर प्रश्न हाय. कोंबडा आरवायच्या आत परत आणून लावू. म्हातारी झोपलेली असंल. बघतंय कोण?

गाडी लांब लावून तो ओसरीवर चढला. पेटीची किल्ली त्याच्याजवळच असायची. पेटी कुरकुरली.

"कोण हाय?" आतून आवाज.

"मी बद्री, मावशी. नेट बघायलोय जरा."

"दिवा हाय ना रं?"

बद्रीनं मान वळवून मेंढवाड्याकडं बघितलं. अंधारात तो मुगाचा दाणा चमकत व्हता.

"हाय, मावशी," तो म्हणला. खरंच सांगितलं. अन् म्हणता म्हणता पाचवी वायर उपसली.

डब्यावरचा पिवळा दिवा गेला. तिकडचा दाणा गेला.

वाड्यातली मेंढरं एकदम उठली. सगळ्या घंट्या एकदाच वाजल्या. अन् एकदाच थांबल्या.

"बरं झालं बाबा आलास," आतून सारजाबाई म्हणली. "डोळा लागायला लागलाय. आता निवांत झोपते."

बद्रीनं एकदा अंधाऱ्या मेंढवाड्याकडं बघितलं. पण डबा पिशवीत घातला, पिशवी टाकीवर ठेवली अन् निघाला.

वाटंत काही झालं नाय. उगं कान टवकारू नका. काहीच झालं नाय. गारठा व्हता, ऊस व्हता दोन्ही बाजूंनी, एक ट्रॅक्टर आडवा गेला. चितेगावला पोचला. वॉचमन पाठीमागच्या गोदामाच्या चकरीला गेलेला. गेटाजवळच्या केबिनीत बद्री एकटा. जळका डबा काढला, हा बसवला, चार वायरी चार खाचांत घातल्या. डब्यानं चाचपलं. एक, दोन, तीन, चार. चार पिवळे दिवे. पडद्यावर चार चौकटी उजळल्या. एक केबिनीच्या दाराची, एक गेटाची, एक गेटाबाहेरची, अन् एक लांब, कच्चा रस्ता डांबरीला लागतो तिथली.

अभय साहेब घरी बसून मोबाईलवर तेच बघत व्हते. बद्रीनं फोन लावला. "झालं ना, साहेब?"

"वा रं पठ्ठ्या! गेलं नाय तुझं काम."

बद्रीनं हुश्श केलं. पाठ टेकली. अन् नजर डब्याकडं गेली.

पाचवा दिवा लागला व्हता.

खाच रिकामी. वायर नाय. बद्रीनं बोट लावून बघितलं, रिकामीच. वाटलं, डबा बिघडला. पिन काढून परत लावली. डब्यानं पहिल्यापासून इचारायला सुरुवात केली. एक... लागला. दोन... तीन... चार... लागले.

मग थोडा वेळ काहीच नाय.

मग पाचवा.

कोणीतरी जबाब दिला व्हता.

"बद्री," फोनवर साहेब, "पाचवा कॅमेरा कुठं लावलास रं?"

"पाचवा नाय, साहेब. चारच हायेत."

"मला दिसायलाय की. काळीकुट्ट चौकट. थांब... आवाज बी यायलाय. तिथं मेंढरं हायेत का? घंट्या वाजायल्यात."

बद्रीनं पडद्याकडं बघितलं. कोपऱ्यात पाचवी चौकट उघडली व्हती. नुसता अंधार.

"कोणीतरी चाललंय," साहेब म्हणले. "पाठमोरं हाय. खांद्यावर घोंगडं. काठी हाय... चाचपत चाललंय, आंधळ्यावानी. कोण हाय रं ते?"

बद्रीनं फोन कानाशी दाबला.

"साहेब... कुणीकडं चाललंय?"

"रस्त्यानं. आता... आता तुझ्याकडच्या डांबरीला लागलं बघ."

अन् चौथी चौकट गेली. लांबची. डब्यावरचा चौथा दिवा विझला.

बद्रीला समजलं. त्याचाच धंदा तो, त्याला नाय समजणार तर कुणाला? कोणीतरी ओढत व्हतं. लई ओढत व्हतं. बाकीचे उपाशी पडत व्हते.

"बद्री, बाहेरचा बी गेला—"

तिसरा दिवा विझला.

"बद्री?"

दुसरा. गेट.

फोन बंद पडला. बद्रीनं बटण दाबलं. परत दाबलं. काळा पडदा.

बाहेर... छन्.

काठीची घुंगरं.

छन्... छन्...

पहिला दिवा विझला. दाराचा.

आता डब्यावर एकच दिवा. पाचवा. असा लख्ख, की केबिनीची भिंत पिवळी झाली. जसा भंडारा उधळलाय.

छन्.

दारात थांबलं.

बद्रीनं मान वर केली नाय. मेंढरांच्या लोकरीचा वास आला. तंबाखूचा वास आला. अन् दुसरा एक वास. ओल्या पिठाचा.

"बाबा..." बद्रीच्या तोंडून कसंबसं निघालं. "चुकलो. शब्द मोडला. चला... घरी नेतो."

मेन पिन उपसली. करंट कुठूनच नाय. तरी पाचवा दिवा तसाच. बद्रीनं डबा पिशवीत कोंबला, पिशवी पोटाशी धरली, जमिनीकडं बघत बघत गाडीपाशी गेला. सालभराचं काम तिथंच त्या केबिनीत सोडून दिलं. एकदा बी मागं बघितलं नाय.

किक मारली.

गाडी मागून दबली. स्प्रिंग कुरकुरली. जशी बाजारच्या दिवशी कुरकुरायची.

आरसा त्यानं हातानं उलटा फिरवला. ऊस गेला. पूल गेला. मानेवर कोणीतरी श्वास सोडल्यावानी गार लागत व्हतं... अन् प्रत्येक खड्ड्याला... छन्.

घरापुढं गाडी थांबवली. स्टँड लावला. धावतच ओसरीवर गेला. घाईत वायर खाचेत जाईना. गेली. इन्व्हर्टरची पिन लावली. डब्यानं इचारलं. पाचवा लागला. तिकडं मेंढवाड्यावर मुगाचा दाणा चमकला.

बद्री तिथंच खांबाला टेकून बसला. घामानं न्हाला व्हता, थंडीच्या दिवसांत. वाटलं, झालं. पोचवलं. गाडी हलकी झाली का, ते बघायचं त्याला काही सुचलं नाय.

पहाटे खंडेराव आला. सारजाबाई उठली, तोंड धुतलं, बद्रीला ओसरीवर बघून म्हणली, "रातभर इथंच व्हतास व्हय? लेकराची माया असावी तर अशी." बद्रीनं खाली मान घातली.

तिघं झोपडीत गेले. खंडेरावानं डालगं उचललं.

पिठावर पाऊल व्हतं. माणसाचं. एकच. टाच आत, बोटं दाराकडं.

सारजाबाई वाकून लई वेळ बघत राहिली. "हे तर गेल्याचं हाय," ती म्हणली. "आल्याचं कुठंय?"

मग ती वळली.

"बद्री. दिवा मधी विझला व्हता?"

बद्रीनं तोंड उघडलं. 'होऊन जाईल' आलं नाय.

"व्हय, मावशी. मीच विझवला. डबा नेला कंपनीत. ते... ते तिथं आले. पण मी परत आणलं त्यांना. गाडीवर बसवून आणलं, अंगणापस्तोर. भंडाऱ्याची आण."

म्हातारीनं त्याला शिवी दिली नाय. मारलं नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बद्री अजून म्हणतो. ती एवढंच म्हणली,

"अन् उतरवलंस?"

बद्रीला आधी काही समजलंच नाय.

मग समजलं.

सारजाबाई तरातरा अंगणात गेली. गाडी तशीच उभी. रातच्या दवानं अंगणातली माती ओली झालेली. मातीवर बद्रीच्या चपलांचे ठसे, गाडीपासून ओसरीपस्तोर, धावत गेलेले. दुसरे ठसे नव्हते.

डाव्या बाजूच्या मागच्या पायदानावर पांढरं काहीतरी व्हतं. म्हातारीनं बोट लावलं. जवारीचं पीठ.

"म्हण त्यांना," ती म्हणली. आवाज फाटला व्हता. "म्हण की रं. तुझ्याशिवाय ते उतरायचे नाय. तुझ्या गाडीवरून तूच उतरवायचास."

"उतरा बाबा..." बद्री म्हणला. रडत रडत म्हणला. "उतरा, घर आलं."

गाडी दबलेली. स्प्रिंग वर आली नाय.

लई उशीर झाला व्हता, दुसरं काय. पूर्वेला तांबडं फुटलं, मुगाचा दाणा उजेडात दिसेनासा झाला. दहावा लागला व्हता.

बद्रीनं गाडी धुतली. घासली, पुसली. सकाळी पायदानावर पीठ. परत धुतली. परत पीठ. मग एक दिवस शहरात नेऊन जुन्या गाड्यांच्या बाजारात देऊन टाकली. घेणाऱ्याला काही सांगितलं नाय, पायी आला. कॅमेऱ्याचं काम सोडलं त्यानं. आता कुणी काही काम सांगितलं तर 'बघतो' म्हणतो.

झाली गोष्ट.

काय रं शिवम, गप का झालास? तुझी गाडी तू कुठून घेतली व्हतीस, जुन्याच बाजारातून ना? नाय, असंच इचारलं. लाल टाक्या लई असतात. पोचे बी लई असतात. डाव्या अंगाला पोचा काय एकट्या बद्रीच्याच गाडीला असतो व्हय?

जा, बघून ये मनाच्या समाधानासाठी. श्रेया, तू बी जा त्याच्यासंगं, बॅटरी घेऊन. मागचं पायदान बघा. डाव्या बाजूचं.

...

एवढा वेळ लागतो व्हय रं पायदान बघायला?

...

काय हाय? दाखव बोट. इकडं, उजेडात.

हं... जवारीचंच हाय.

असू दे. पुसू नको. अन् शिवम... ऐक माझं. गाडीपाशी जाऊन काय बी कर, पण इथं, ह्या दारात, त्यांना 'उतरा' तेवढं म्हणू नको.